शेवटची चार बोटं जागा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कारखान्यात जड सामान, मशीन, डाय (प्रेसमधला साचा) वगैरे हलवताना हाताला इजा झाली असेल तर विचारा, म्हणून पत्रं आली, मेल आले, फोटो पण आले (फोटो प्लीज नका पाठवू, घरातली लहान मुलं माझा फोन हातात घेतात). मी कारखान्याच्या दवाखान्यात बसणारी डॉक्टर आहे, त्यामुळे टाके घालायचे प्रश्न आणि क्रेनचे प्रश्न दोन्ही माझ्याकडेच येतात, आणि खरं सांगायचं तर मला क्रेनच्या प्रश्नात जास्त रस आहे. सारखेच प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी खलाशी गँगचा मुकादम. आमचं काम गिअरबॉक्स, मोटर, पंप उचलून बेसवर बसवायचं. मध्यंतरी आमच्या एका पोराची दोन बोटं गिअरबॉक्स आणि बेस प्लेटच्या मध्ये सापडली. हातात पाठीवर रबराच्या पट्ट्या असलेले भारीतले ग्लोव्हज होते, तरी हाडं मोडली. ग्लोव्हज डुप्लिकेट निघाले का? कुठले घ्यायला पाहिजेत?

उत्तर : मुकादम, ग्लोव्हज ओरिजिनल असणार, त्यांच्याकडून अपेक्षा चुकीची होती. ग्लोव्हजच्या मागे हातोड्याचं एक चित्र आणि खाली आकडे असतात ते कधी बघितलेत का? ते युरोपचं ईएन ३८८ नावाचं स्टँडर्ड आहे. पहिले चार आकडे म्हणजे घासणं, ब्लेडने कापणं, फाटणं आणि टोचणं, मग ए पासून एफ पर्यंत एक अक्षर असतं ते पण कापण्याचंच पण वेगळ्या टेस्टचं, आणि सगळ्यात शेवटी पी असेल तर तो ग्लोव्ह ठोका लागण्याच्या टेस्टला पास झालाय. ही टेस्ट ५ ज्यूलची असते. आता ५ ज्यूल म्हणजे किती तर एक किलोचं वजन साधारण अर्ध्या मीटरवरून पडलं तर जेवढा ठोका बसेल तेवढा, आणि तोही हाताच्या पाठीवरच्या गाठींपाशी, बोटांवर ही टेस्ट होतच नाही. अमेरिकेचं १३८ नंबरचं स्टँडर्ड आहे, २०१९ सालचं, त्यात बोटांवर पण ठोका मारून बघतात आणि १ ते ३ अशा लेव्हल देतात, घ्यायचे असतील तर ते बघून घ्या.

पण तुमचा गिअरबॉक्स किती वजनाचा? समजा ५०० किलोचा. तो फक्त एक सेंटीमीटर खाली बसला, एकच, तरी जवळपास ४९ ज्यूल होतात, म्हणजे टेस्टच्या दहापट. वर तो आदळून बाजूला होत नाही, तिथेच बसून राहतो. ठोका खाऊन सुटणं वेगळं आणि चेपून राहणं वेगळं, आणि चेपण्यापासून वाचवणारा ग्लोव्ह मी तरी बघितलेला नाही. ग्लोव्हज ओरखडे, पत्र्याची धार, वायर रोपची कुसळं यांच्यासाठी आहेत, त्यासाठी ते जरूर घाला.

दुसरं एक म्हणणं मी प्रत्येक गँगकडून ऐकते, की मॅडम आम्ही सवयीचे आहोत, लोड खाली यायला लागला की हात काढून घेतो. नाही काढता येत हो. तो एक सेंटीमीटर मोकळा पडायला सेकंदाचा विसावा भाग पण लागत नाही आणि माणसाला बघून हात हलवायला सुरुवात करायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे तुम्ही ‘अरे’ म्हणायच्या आत झालेलं असतं.

म्हणून मला तुमच्या पोराबद्दल विचारायचंय ते हे की त्याचा हात तिथे गेला कशासाठी? ग्लोव्हज कुठले होते हे सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही. लोड वर असतो तेव्हा सगळे लांब उभे असतात, घोषणा देतात, हेल्मेट घालतात, आणि तो खाली येऊन चार बोटं जागा उरली की सगळे एकदम जवळ येतात आणि प्रत्येकजण हात लावतो, कारण आता काम झालंच असं वाटतं. माझ्याकडे येणारी बहुतेक बोटं त्या शेवटच्या चार बोटं जागेतली असतात. कुणी बोल्टचं भोक जुळलं का ते बोट घालून बघतो, आणि लोड जरा सरकला की दोन भोकांच्या कडा कात्रीसारख्या एकमेकांवरून जातात (भोक जुळवायला निमुळत्या शेपटीचा पाना असतो, नाहीतर ड्रिफ्ट असतो, त्याहून चांगलं म्हणजे बेसच्या दोन कोपऱ्यांत लांब गाईड पिन लावून ठेवा, लोड आपोआप त्यावरून खाली उतरतो आणि कुणाला काही चाचपायची गरजच पडत नाही). कुणी खालचा लाकडी ठोकळा ऐनवेळी सरळ करायला जातो, तर ठोकळे आधीच लावून ठेवायचे आणि सरकवायचेच झाले तर लोड थांबवून, लांब दांड्याने, आणि ठोकळा हातात धरावाच लागत असेल तर वरखाली बोटं घालून नाही, बाजूने धरायचा किंवा त्याला दोरीचा नाहीतर पट्टीचा दांडा ठोकून घ्या, सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. कुणी झुलणारा लोड हाताने थांबवतो, म्हणजे टनभर वजन छातीने अडवल्यासारखं, त्याला टॅगलाईन, म्हणजे लांब दोरी, बांधायची आणि लांबून धरायची, पण ती हाताला गुंडाळायची नाही हे पोरांना नीट सांगा, कारण दोरी ओढली गेली की गुंडाळलेला हात पण जातो. हल्ली ढकलायचे आणि ओढायचे खास लांब दांडे मिळतात, पुढे रबरी टोक आणि हूक असतो. नाहीच मिळाले तर तुमच्या वर्कशॉपमध्ये बनतील.

आणि उचलताना पण तेच. बेल्ट ताणला जात असताना तो जागेवर राहावा म्हणून पोरं बोटं बेल्ट आणि लोडच्या मध्ये घालून धरतात. क्रेनवाल्याने आधी फक्त ढील काढायची, थांबायचं, सगळ्यांनी हात काढून ते वर दाखवायचे, मग उचलायचं. इशारा देणारा एकच माणूस, पण थांब म्हणायचा हक्क सगळ्यांना, अगदी नवीन हेल्परला पण, आणि त्याने उगीच थांबवलं तर त्याला शिव्या घालायच्या नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

प्रश्न : लग्नाची अंगठी निघत नाही, साबण लावूनही नाही. ग्लोव्हजच्या आत असते, चालेल का? सुपरवायझर रोज ओरडतो.

उत्तर : नाही चालणार, सुपरवायझर बरोबर ओरडतोय. ट्रकवरून उडी मारताना किंवा जाळीवरून उतरताना अंगठी कुठेतरी अडकते आणि शरीराचं सगळं वजन त्या एका बोटावर येतं, मग हाड जागेवर राहतं आणि कातडी, रक्तवाहिन्या, नसा सगळं मोज्यासारखं निघून येतं. अशा बोटाचं नंतर काही करणं हातांच्या सर्जनला पण फार अवघड जातं. सोनाराकडे किंवा दवाखान्यात अंगठी कापायचं छोटं कटर असतं, दोन मिनिटांत निघते, परत जोडता पण येते. घरच्यांना नको वाटत असेल तर गळ्यातल्या साखळीत घाला असं सुचवणार होते पण फिरत्या मशीनजवळ साखळी पण नको, तेव्हा घरीच ठेवा.

याच निमित्ताने, ड्रिल मशीन, लेथ, फिरता शाफ्ट यांच्याजवळ ग्लोव्हज पण घालायचे नाहीत. ग्लोव्हचा एक धागा ड्रिलला लागला की पूर्ण हात ओढला जातो. वर मी ग्लोव्हज घाला म्हटलं आणि इथे नको म्हणतेय, दोन्ही खरं आहे, काम बघून ठरवायचं.

प्रश्न : मी आमच्या शॉपचा प्रथमोपचारवाला. चेन पुली ब्लॉकमध्ये एकाचं बोट तुटलं. आम्ही पटकन तुटलेला तुकडा बर्फात घातला आणि हॉस्पिटलला नेलं, तर तिथले डॉक्टर आमच्यावरच चिडले. आम्ही तर चांगलंच केलं होतं ना? मग नेमकं काय करायचं ते एकदा लिहा, मी प्रिंट काढून लावतो.

उत्तर : घाई केलीत ते चांगलं केलंत, बर्फात थेट घातलंत ते नको होतं. बर्फाला थेट लागलेला तुकडा गोठतो आणि गोठलेल्या रक्तवाहिन्या परत जोडून उपयोग होत नाही. तुकडा थंड पाहिजे, गोठलेला नको.

आधी माणूस बघायचा, मग तुकडा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, आणि दाबत राहायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. बोटाच्या मुळाशी सुतळी किंवा रबर बांधू नका, त्याने उरलेलं बोट पण खराब होतं. हात किंवा मनगटच गेलं असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तर मात्र दंडाला टूर्निके (रक्त थांबवायला घट्ट आवळायचा पट्टा) लावायचा आणि लावल्याची वेळ लिहून ठेवायची. माणसाला आडवं करा, पुष्कळदा ते स्वतःचा हात बघून चक्कर येऊन पडतात आणि डोकं फोडून घेतात. काही खायला प्यायला देऊ नका, अगदी चहा पण नाही, कारण भूल द्यावी लागणार आहे.

मग तुकडा. ग्लोव्ह घातलेला असेल तर तो ओढून काढू नका, बोटाचा शेंडा आत असू शकतो आणि कधी कातडीच्या एका पट्टीने लटकलेला असतो, ती पट्टी तोडायची नाही, आहे तसं आधार देऊन गुंडाळायचं. पूर्ण सुटलेला तुकडा असेल तर वरवरची धूळ झटकून, सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा (सलाईन नसेल तर स्वच्छ पाण्याने ओलसर, ओलं गच्च नाही), मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फ आणि पाणी मिसळलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवायची. तुकडा थेट पाण्यात बुडवायचा नाही, स्पिरिट, डेटॉल, हळद काही लावायचं नाही. पिशवीवर नाव आणि वेळ. आणि कितीही चेंगरलेला दिसला तरी तुकडा फेकू नका, बोट जोडता नाही आलं तरी त्यातली कातडी किंवा नस दुसरीकडे वापरता येते.

निघायच्या आधी फोन करून विचारा की हातांचा किंवा मायक्रोसर्जरीचा सर्जन आहे का. जवळच्या हॉस्पिटलला जाऊन तिथून दुसरीकडे पाठवण्यात जो वेळ जातो तो फार वाईट. बोटाला स्वतःचा स्नायू नसतो, बोट हलवणारे मोठे स्नायू वर हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि बोटं कळसूत्री बाहुलीसारखी दोऱ्यांनी ओढली जातात, म्हणून बोट रक्ताशिवाय जरा जास्त टिकतं, नीट थंड ठेवलं तर साधारण २४ तासांपर्यंत, नाही ठेवलं तर १२ तासांच्या आसपास. मनगटाच्या वरचा हात असेल तर त्यात स्नायू असतात आणि थंड नसेल तर ६ तासच धरून चाला. पण हे आकडे वाचून कुणी निवांत होऊ नका.

तुम्हाला एक गोष्ट सांगाविशी वाटते, पूर्ण तुटलेला अंगठा परत जोडायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९६५ मध्ये जपानच्या नारा प्रांतात झालं, कोमात्सु आणि तामाई या दोन सर्जननी केलं, एक मिलिमीटरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली शिवून. त्याआधी तुटलेलं बोट म्हणजे गेलंच. आता एवढं जमतं म्हणूनच तुमचा बर्फाचा डबा महत्त्वाचा. आणि तरीही काही वेळा सर्जन सांगतात की हे जोडण्यात अर्थ नाही, तर त्यांच्यावर चिडू नका. अंगठा असेल, बरीच बोटं असतील, लहान मूल असेल तर जीव तोडून प्रयत्न करतात, पण एकच बोट मधल्या भागात चेंगरून तुटलं असेल तर जोडलेलं बोट ताठ राहून कामात आडवं येतं आणि माणूस वर्षभराने स्वतः येऊन काढा म्हणतो.

प्रश्न : ग्रीस गन मारताना डाव्या हाताच्या पहिल्या बोटात काहीतरी टोचल्यासारखं झालं, टाचणीएवढं भोक, रक्त पण नाही. दुखत नाही म्हणून शिफ्ट पूर्ण केली. आता रात्री बोट जड वाटतंय. एवढ्यासाठी डॉक्टरकडे जाऊ का?

उत्तर : या वाचकाला मी मेल वाचल्या वाचल्या त्याच दिवशी कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतेय कारण या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

दुखत नसलं तरी आत्ताच्या आत्ता जायचं, सकाळी नाही, आणि जाताना ‘प्रेशरने आत ग्रीस गेलंय’ हे शब्द स्पष्ट बोलायचे. साधारण ७ बार प्रेशरला पण द्रव कातडीतून आत शिरू शकतो आणि हाताने दाबायची ग्रीस गन सुद्धा शेकडो बार देते, हायड्रॉलिक लाईनमध्ये २०० बार रोजचेच असतात. ते भोकातून आत गेलं की तिथे थांबत नाही, बोट ओढणाऱ्या दोऱ्यांच्या आवरणातून बोटभर, कधी तळहातापर्यंत पसरतं. वरून भोक टाचणीएवढंच दिसतं, पहिले काही तास दुखत पण नाही, आणि मग बोट सुजतं, पांढरट पडतं, आतून मरायला लागतं. सहा तासांच्या आत सर्जनने बोट उघडून आतलं सगळं साफ केलं तर वाचायची शक्यता बरी असते, नंतर ती घसरत जाते. थिनर आणि ऑइल पेंट तर ग्रीसपेक्षा वाईट. सगळ्यात वाईट हे की तरुण डॉक्टरांना पण हे माहीत असेलच असं नाही, ते भोक बघून धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात, म्हणून तुम्ही हट्ट धरायचा, हातांच्या सर्जनला दाखवा म्हणायचं, आत काय गेलं त्या डब्याचं लेबल किंवा त्याचा फोटो न्यायचा, प्रेशर किती होतं आणि किती वाजता झालं ते सांगायचं.

बहुतेक वेळा हे त्याच बोटाला होतं, जो हात कमी वापरतो त्याच्या पहिल्या बोटाला, कारण एका हाताने गन धरतात आणि दुसऱ्याने नोझल पुसतात. आणि हायड्रॉलिक होजची गळती शोधायला हात फिरवणारे महाभाग पण आहेत. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, त्यावर तेल दिसेल, आणि होज घट्ट करायच्या आधी प्रेशर काढा.

प्रश्न : मॅडम डाय सेट करताना अंगठा दबला, नख काळंनिळं झालंय आणि ठणके मारतायत. आमचा एक सिनियर पिन तापवून नखाला भोक पाडून देतो, लगेच बरं वाटतं म्हणे. पाडून घेऊ का? आणि नख परत येईल ना?

उत्तर : सिनियरची पद्धत चुकीची नाही, जागा चुकीची आहे. नखाखाली साचलेलं रक्त काढायला आम्ही पण नखाला भोकच पाडतो आणि ठणका खरंच लगेच थांबतो, पण आधी एक्सरे बघतो कारण एवढ्या जोरात दबलं असेल तर शेंड्याचं हाड पिचकलेलं असू शकतं, आणि मग तुमच्या सिनियरची पिन म्हणजे मोडलेल्या हाडापर्यंत जंतूंना रस्ता करून देणं. पहिल्या एक दोन दिवसांतच याचा उपयोग असतो, नंतर रक्त गोठतं. नख उचकटलं असेल किंवा खालची गादी फाटली असेल तर ती बारीक टाक्यांनी शिवावी लागते, नाहीतर पुढे नख दुभंगलेलं उगवतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, तेव्हा पूर्ण नवीन यायला चार ते सहा महिने धरा.

शेंडा खाली वाकलाय आणि स्वतःहून सरळ होत नाही असं असेल तर ते वेगळं, सरळ करणारी दोरी तुटलेली असते. बोट सरळ धरणारी पट्टी सहा ते आठ आठवडे लावायची आणि मध्ये एकदाही, आंघोळीला पण, ते बोट वाकू द्यायचं नाही. वाकलं तर मोजणी पुन्हा एकपासून.

याच धर्तीचे आणखी काही प्रश्न मुका मार बसल्याबद्दल होते, की तळहात दोन प्लेटच्या मध्ये दबला पण रक्त नाही, हाड नाही, मग जायचं का. रक्त नाही म्हणून खूश होऊ नका. हाताच्या आतले स्नायू छोट्या छोट्या कप्प्यांत असतात, सूज आली की कप्प्यांना पसरायला जागा नसते आणि आतलं प्रेशर वाढून रक्तपुरवठाच बंद होतो. ओळखायचं कसं, तर दुखणं मारापेक्षा जास्त आणि तासातासाला वाढत चाललेलं, गोळीने न थांबणारं, आणि दुसऱ्याने हलकेच बोट सरळ केलं की जीव जाईल असं दुखणं. मग हात हृदयाच्या लेव्हलला धरून, बांधलेलं सगळं सोडून थेट हॉस्पिटल, काही तासांचाच खेळ असतो.

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये ट्रेनिंग आहे, पोस्टर आहेत, सगळ्यांची सही घेतलेली आहे. तरी वर्षभरात हाताचे अपघात होतातच. प्रत्येक चौकशीत एकच निघतं, कामगाराचा निष्काळजीपणा. अशा लोकांचं काय करावं? - एक प्रॉडक्शन मॅनेजर

उत्तर : साहेब, प्रत्येक चौकशीत एकच उत्तर येत असेल तर चौकशी नीट होत नाहीये. निष्काळजीपणा लिहिला की फाईल बंद होते आणि मशीन तसंच राहतं, मग पुढच्या माणसाचं बोट त्याच जागी जातं आणि तो पण निष्काळजी ठरतो.

तुम्ही एक दिवस पट्टी घेऊन शॉपमध्ये फिरा. यंत्राच्या हलत्या भागांमध्ये किमान किती फट असावी याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ १३८५४, त्यात बोटासाठी २५ मिलिमीटर आणि हातासाठी १०० मिलिमीटर दिलंय, म्हणजे भाग जवळ आले तरी एवढी जागा उरली तर चेंगरत नाही. जिथे यापेक्षा कमी फट होते तिथे गार्ड पाहिजे, पोस्टर नाही. प्रेसच्या लाईट कर्टनचं (किरणांचा पडदा, हात आडवा आला की प्रेस थांबतो) अंतर काढायचं स्टँडर्ड, १३८५५, हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतं, कर्टन जवळ लावलाय आणि ब्रेक झिजून रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) थांबायला उशीर होतोय तर हात आधी पोचतो. ब्रेकचा थांबण्याचा वेळ शेवटचा कधी मोजला? दोन हातांनी एकदम दाबायची बटणं बसवलीत पण त्यातलं एक कुणी टेपने दाबून ठेवलंय का, आणि ठेवलं असेल तर टार्गेट कुणी दिलं होतं?

मशीन बंद केलं की सुरक्षित असं पण नसतं. वर उचललेला रॅम, जॅकवरची मशीन, ताणलेली स्प्रिंग, ॲक्युम्युलेटरमधलं (हायड्रॉलिक तेल दाबून साठवायची टाकी) प्रेशर, यातलं काहीच मेन स्विच बंद करून जात नाही. कुलूप लावा, टॅग लावा, चावी काम करणाऱ्याच्याच खिशात, आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक घाला, मग हात घाला. जॅकवर लोड ठेवून खाली काम करायचंच नाही, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

आणि कव्हर, झाकण, डाय, मोटर यांना धरायला जागाच नसते म्हणून माणूस कडेखाली बोटं घालतो. एक हँडल वेल्ड करा, उचलायला आयबोल्ट द्या, मॅनहोलच्या झाकणाला चुंबकाचं लिफ्टर द्या. हे झाल्यावर मग ट्रेनिंग. अजून एक, थोडक्यात वाचलो असे प्रसंग लोक तुम्हाला सांगतात का? सांगत नसतील तर तुमच्या चौकशीला घाबरतात, आणि मग तुम्हाला कळतं तेव्हा बोट माझ्या टेबलावर असतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा उजवा हात रोलरमध्ये सापडला होता. ऑपरेशन झालं, सळया काढल्या, पण बोटं लाकडासारखी ताठ झालीत. करंगळीच्या बाजूला बधिर आहे. दिवसभर हात झोळीत घालून बसतात, कुणी आलं की खिशात घालतात, व्यायाम कर म्हटलं की चिडतात. रात्री दचकून उठतात. हात कधी बरा होणार? कामावर जाता येईल ना?

उत्तर : ताई, आधी ती झोळी काढा. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारून काढा, पण बहुधा ते हो म्हणतील. झोळीत हात खाली लटकतो, सूज उतरत नाही आणि त्या सुजेतलं पाणी पुढे घट्ट होऊन सांधे चिकटतात, शिवाय कोपर आणि खांदा पण आखडतो. बसताना हात उशीवर, छातीच्या वर, आणि दिवसातून बऱ्याच वेळा खांदा, कोपर पूर्ण हलवायचं.

बोटांचा व्यायाम एकदम तासभर करून उपयोग नाही, थोडा थोडा, दर तासाला पाच मिनिटं. आधी कोमट पाण्यात हात (बधिर भागाला पाण्याचा अंदाज येत नाही, तेव्हा तुम्ही किंवा ते दुसऱ्या हाताने तपासून, हे विसरू नका, भाजलेलं कळत पण नाही), मग बोटं सरळ, मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून हूक, मग पूर्ण मूठ, मग परत सरळ. जोर लावून दुसऱ्या हाताने मुरगाळायचं नाही, तेल लावून रगडायचं तर अजिबात नाही. शक्य असेल तर हाताची खास थेरपी करणारे फिजिओथेरपिस्ट शोधा, ते ताठ सांध्यासाठी छोट्या पट्ट्या बनवून देतात, आणि हातात ऑपरेशनइतकंच किंवा थोडं जास्तच काम ते करतात असं माझं मत आहे, सर्जन मंडळी रागावली तर रागावू देत.

बधिरपणाबद्दल, चेतातंतू नीट जोडलेला असेल तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत वीतभर अंतर असतं, म्हणजे सहा महिने तरी, आणि मध्ये मुंग्या येणं, करंट बसल्यासारखं होणं हे चांगलं लक्षण असतं, बिघडलं म्हणून घाबरू नका. थंडीत हात जास्त दुखेल, निळसर होईल, हे बरेच महिने राहतं. सिगारेट, तंबाखू असेल तर बंद, त्याने आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या अजून आवळतात. पण हात सारखा जळतोय, चादर लागली तरी सहन होत नाही, रंग बदलतोय, एका हाताला घाम आणि दुसऱ्याला नाही असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा, तो वेगळा आजार असतो आणि लवकर पकडला तर आटोक्यात येतो.

आता रात्रीचं दचकणं आणि चिडणं. मिस्टर आळशी झालेले नाहीत. हात रोलरमध्ये जाताना त्यांनी बघितलाय, शरीर ते परत परत दाखवतं. महिन्याभराच्या वर असंच चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांना दाखवताना हातासाठीच चाललोय म्हणून सांगितलंत तरी माझी हरकत नाही, कारण ज्याला हाताकडे बघवत नाही तो व्यायाम कसा करणार. व्यायाम कर म्हणून मागे लागण्यापेक्षा घरातली छोटी कामं त्या हाताने होतील अशी ठेवा, कपड्यांचे चिमटे लावणं, शर्टाची बटणं, पेपरची घडी.

कामावर जाता येईल का, तर बहुतेक हो, पण आधीच्याच मशीनवर पहिल्याच दिवशी नाही. मुठीची पकड आणि चिमटीची पकड मोजायचं साधं यंत्र थेरपिस्टकडे असतं, ते आकडे घेऊन कंपनीच्या डॉक्टरला भेटा आणि आधी हलकं काम, मग अर्धी शिफ्ट, असं लेखी मागा. अपघाताची नोंद, तारीख, वेळ, कुठल्या मशीनवर, साक्षीला कोण, हे सगळं कागदावर आलंय का ते पण याच भेटीत बघून घ्या आणि त्याची एक झेरॉक्स घरी ठेवा. आणि त्या रोलरला आता गार्ड बसवलाय का हे त्यांना परत जायच्या आधी विचारा, बसवला नसेल तर मला कळवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहिते, नाव न घेता.